हँडब्रेकवरचा हात

माझी नात धम्मप्रिया तोंडानं खोटं बोलत नाही. मान खोटी हलवते. या सवयीचा मला लई राग आहे. तोंडानं खोटं बोलणाऱ्याला पकडता तरी येतं. मान हलवणाऱ्याला पकडलं की तो म्हणतो, मी कुठं काय बोललो?

आणि ही सवय तिला माझ्या घरात लागलेली नाही. मी तिसरी शिकलेली बाई, पण अहमदपूरच्या एसटी स्टँडमागं उभं आयुष्य खानावळ चालवली. भाजी खारट झाली तर गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणायची, आज खारट झालीय, खायची तर खा. लेक आणि सून दोघंही लवकर गेली. ही पोर माझ्या चुलीपाशी मोठी झाली. भाकरी थापता थापता मी तिला नर्स केलं.

नोकरी लागली लातूरला, मोठ्या दवाखान्यात. दिवस भरायच्या आत जन्मलेली लेकरं काचेच्या पेटीत ठेवतात, त्या वॉर्डात. मुठीएवढी लेकरं. एखादं जगून घरी गेलं की ही मला येऊन सांगायची, जणू तिनंच बाळंतपण काढलंय. त्या वॉर्डात रात्रपाळी चुकत नाही, आणि अहमदपूरहून अपडाऊन करणाऱ्या बाईला अवेळी एसटी मिळत नाही. म्हणून तिनं लग्नाआधीच गाडी घेतली. स्वतःच्या पगारातून.

गाडी लहान. पांढरी, हजार सीसीची. चार माणसं आरामात, पाचवं अंग चोरून. गल्लीतल्या बाप्यांनी बघून घेतली, टायरला लाथा मारून बघितल्या.

"एवढीशी गाडी? लातूरच्या रोडला दम टिकंल का हिचा?"

धम्माला कुणी असं म्हटलं की ती हसायची. मला पुढच्या सीटवर बसवून दाखवायची. "आजी, चढ दिसला की चढावर जायच्या आधीच गिअर कमी करायचा. गाडी भरलेली असली तर तेवढ्यापुरता एसी बंद. उसाचा ट्रॅक्टर पुढं असला तर समोर मोकळं दिसेपर्यंत गुमान मागं राहायचं, मग एका दमात काढायची. घाई करणाऱ्याला छोटी गाडी कमी पडते. मला नाही पडत."

आणि खरंच नाही पडली. पावसाळ्यात वर्षावास असतो, तेव्हा आम्ही विहारातल्या चौघीजणी तिच्या गाडीत जळकोटला प्रवचन ऐकायला गेलो. येताना एकीच्या भावानं डिकीत ज्वारीचं पोतं टाकलं. चौघीतल्या दोघी तर अशा, की एसटीतसुद्धा दोन सीटचं तिकीट घ्यावं. डोंगर आला. धम्मानं एसी बंद केला, गिअर टाकला, आणि गाडी बुळुबुळू बोलत वर गेली. आमच्या गप्पासुद्धा थांबल्या नाहीत.

मग लग्न झालं. नातजावई आदर्श नांदेडला एका पतसंस्थेत आहे. पोरगा वाईट नाही. दारू नाही, गुटखा नाही, हात उचलत नाही. आमच्यात हुंडा घेत नाहीत, त्यांनीही घेतला नाही. तो नांदेडला जाणार, ही लातूरला, म्हणून मधलं गाव धरून त्यांनी अहमदपुरातच खोल्या घेतल्या. तो एसटीनं जायचा, ही गाडीनं. सगळं सुरळीत होतं.

फक्त एक गोष्ट मला खटकायची. त्याचं गाव मुखेडच्या पुढं आहे. सणासुदीला जाताना अहमदपूरपासून धम्माच गाडी चालवायची. पण मुखेडच्या अलीकडं एक पेट्रोल पंप आहे, तिथं गाडी थांबायची. तेल भरायला नाही. ती उतरायची, बोनेटवरून वळसा घालून डाव्या बाजूला यायची. तो उतरून उजवीकडं जायचा. मग गाडी पुढं. पंपावरच्या माणसांनाही हे ठाऊक झालं होतं. ही गाडी आली की ते नळी घेऊन पुढंसुद्धा येत नसत.

पहिल्यांदा मी विचारलं, "का गं, दमलीस?"

"तसं नाही आजी. गावात शिरताना बरं दिसत नाही."

"काय बरं दिसत न्हाई?"

"बाई चालवते आणि माणूस बाजूला बसलाय, असं."

आजकालच्या बऱ्याच पोरी असं करतात. पगार स्वतःचा, गाडी स्वतःची, पण गावची शीव आली की डावीकडं.

परवाच्या माघात त्याच्या गावात नवं विहार झालं. उद्घाटनाला सगळा गोतावळा येणार, आणि खीर नागुबाईच्या, म्हणजे माझ्या, हातची पाहिजे, असा त्याच्या वडिलांचा निरोप. निवृत्तीराव माणूस मानी, भाषण करायची हौस असलेला. मी पहाटे उठून गव्हाची खीर केली. मोठं पातेलं, वरून झाकण, झाकणाला फडकं बांधलेलं. पांढरं पातळ इस्त्री करून नेसले. पातेलं माझ्या पायाशी, मी मागच्या सीटवर.

पंपावर नेहमीप्रमाणे अदलाबदल झाली. हारफुलं घ्यायला आलेले आदर्शचे आईवडील मुखेडच्या स्टँडवर थांबले होते, त्यांना घेतलं. विहीण महामाया मध्ये, निवृत्तीराव पलीकडच्या खिडकीला, अलीकडं मी. माघातच उन्हाचा कडका होता. निवृत्तीराव म्हणाले, "एसी वाढव रे, घामानं सदरा गेला." एसी वाढला.

गावाच्या आधी खिंडीचा चढ आहे. उभा नाही, पण लांब आहे, मध्ये वळण आहे. आदर्शनं गिअर बदललाच नाही. वेगात काढू म्हणाला असेल. वळणावर समोरून टेम्पो आला, ह्यानं ब्रेक मारला, आणि गाडी खोकलून बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा तर हातभर मागं सरकली. महामाया ओरडली. मागून जीपवाला हॉर्न वाजवून राहिला.

"पॉवरच नाही ह्या गाडीत," आदर्श म्हणाला. मानेवरनं घाम गळत होता, एसी चालू असून.

मी धम्माच्या पाठीकडं बघितलं. ह्याच पोरीनं मला सांगितलं होतं, एसी बंद करायचा, गिअर कमी करायचा. वाटलं, आता बोलेल. मी चालवते म्हणेल, अशी आशा नव्हती. निदान एसीचं तरी म्हणेल.

ती समोरच्या रस्त्याकडं बघत राहिली.

आदर्शनं आरशातून मला बघितलं. "आजी, तुम्ही जरा उतरता का? वजन कमी होईल. वर चढली की थांबतो."

ऐका. मी गाडीतलं सगळ्यात वाळकं माणूस. निवृत्तीराव माझ्या दुप्पट. पण जावयानं आपल्या बापाला उतर म्हणायचं नसतं, बायकोच्या आजीला म्हणायचं असतं. धम्मानं तेवढं दार उघडलं. "मी उतरते, आजीला नको."

"तू बस," तो हळूच म्हणाला. "हँडब्रेक धर."

मी उतरले. म्हणाले, "पातेलं सांभाळा. खिरीचं वजन चालंल न्हवं?" कुणी हसलं नाही.

रस्त्याच्या कडेला मुरमात उभी राहिले आणि काचेतून मला सगळं दिसलं. धम्मानं डाव्या हातानं एसी बंद केला. तिचे ओठ हलले. पहिला गिअर, म्हणाली असेल. त्यानं पहिला टाकला. तिचा उजवा हात हँडब्रेकवर. इंजिनाचा आवाज भरला, तशी तिनं बरोबर त्या घडीला हँडब्रेक सोडला आणि गाडी सुरळीत वर गेली. चालवली तिनं. स्टेअरिंग तेवढं त्याच्या हातात होतं.

वर चढल्यावर थांबतो म्हणाला होता. थांबला नाही. थांबली की पुन्हा बंद पडेल, ही धास्ती. थेट विहारापाशी गेला. खीर गाडीतून पोचली आणि खीर करणारी मागून पायी, पांढऱ्या पातळाला गुडघ्यापर्यंत लाल माती.

मांडवात बायकांनी विचारलं, "अगं बाई, नागुबाई चालत आल्या?"

निवृत्तीराव खुर्चीवर बसले होते. "मावशीला त्रास झाला जरा. काय करता, गाडीच तसली. हजार सीसी, तीन सिलिंडर. पाच माणसं बसली की मान टाकते."

"छोट्या गाडीचं असंच असतंय," कुणीतरी म्हणालं. "गावात भाजी आणायला ठीक."

"बाई माणसाची गाडी म्हणून घेतलेली," आदर्श म्हणाला. "मी तेव्हा असतो तर घेऊ दिली नसती."

"पण सूनबाई रोज लातूरला जाते की हिच्यात?"

"सपाट रस्ता. एकटं माणूस. त्याला कशाला दम लागतो?" निवृत्तीराव वळले. "काय सूनबाई, चढाला कमी पडते का न्हाई गाडी?"

सगळ्यांनी धम्माकडं बघितलं. मी खिरीची पळी हातात धरून उभी होते.

धम्मानं मान हलवली. हो म्हणून.

मी खीर वाढत राहिले. पाहुण्यांच्या अंगणात मी तोंड उघडत नाही. तिथं माझ्या नातीला नांदायचं आहे. पण त्या दिवशी मी पंगतीत बसले नाही. कुणी विचारलं तर म्हणाले, माझं वजन वाढंल.

आठवड्यानं ती माझ्याकडं आली. मी भाकरी करत होते. म्हणाली, "आजी, गाडी विकायची ठरली. मोठी घेऊन राहिलेत. सेकंडहँड, पण दीड हजार सीसी. डिझेल."

"अन् तू कशानं जाशील?"

"हीच नेईन की."

"देतो का तो?"

"देतील."

"धम्मा, तुझी गाडी चढत हुती. तुला ठाऊक हाय."

ती परातीतलं पीठ बोटानं गोळा करत बसली. "आजी, तेव्हा मी म्हटलं असतं की गाडी चांगली आहे, तर त्याचा अर्थ काय झाला असता? चालवणारा वाईट आहे. बापासमोर, गावासमोर. मग मला घरी वर्षभर ऐकावं लागलं असतं. गाडीला नाव ठेवलं तर कुणाचं काय जातं? लोखंडाला वाईट वाटत नाही."

"मला वाटलं की वाईट. मी लोखंड न्हाई."

"तुझी माफी मागते ना."

"माझी नको मागू. गाडी इकू नको."

तिनं मान हलवली. मला वाटलं, ऐकलं. मान हलवणाऱ्या माणसावर मी पुन्हा भरवसा ठेवला.

गाडी विकली. घेतली ती आपल्याच गावातल्या खाजानं. खाजा बांगड्यांचा माल घेऊन आठवडी बाजार करतो, मुखेड, जळकोट, सगळीकडं. मोठी गाडी आली. काळी, उंच, पायरीवर पाय देऊन चढावं लागतं. धम्मानं ती एकदा चालवायला घेतली, तेव्हा आदर्श शेजारी बसून "सावकाश, सावकाश, रुंदीचा अंदाज घे" असं एवढं म्हणाला, की हिनं स्टँडपासून वळून गाडी परत आणली. पुन्हा हात लावला नाही. "एवढ्या मोठ्या गाडीत माझा हात बसत नाही," असं आता सांगते. ते वाक्यसुद्धा तिचं नाही, त्याचं आहे.

आता बघा कसं झालंय. दीड हजार सीसीची गाडी रोज एकट्या माणसाला घेऊन सरळ रस्त्यानं नांदेडला जाते. आणि माझी नात एसटीच्या फलाटावर उभी राहते. रात्रपाळीला जायचं कसं? दोन-तीनदा दवाखान्यात उशिरा पोचली. तिथल्या मोठ्या नर्सबाईनं समजावून सांगितलं, त्या लेकरांपाशी उशीर चालत नाही. शेवटी हिनंच अर्ज करून तो वॉर्ड सोडला. आता दिवसाच्या पाळीला केसपेपरच्या खिडकीमागं बसते. लेकरू जगलं, हे सांगायला माझ्याकडं आता येत नाही. मी विचारलं तर म्हणते, "बरंय की आजी, धावपळ कमी झाली." आणि मान हलवते.

मागच्या बुधवारी मला मुखेडला माझ्या बहिणीकडं जायचं होतं. स्टँडवर उभी होते, तर समोर ती पांढरी गाडी थांबली. खाजा चालवत होता. शेजारी त्याची बायको अख्तरी, मागं बांगड्यांचे खोके छतापर्यंत, वरून दोरीनं बांधलेले.

"मावशी, मुखेड ना? बसा की," खाजा म्हणाला. "आधी पुढच्या गावात एका दुकानात माल टाकायचाय, मग येताना तुम्हाला मुखेडात सोडतो. चालंल?"

अख्तरीनं खोके सरकवून मागं जागा केली. बसले. गाडीला अजून धम्माच्या वॉर्डातल्या औषधी साबणाचा वास होता, किंवा मला तसं वाटलं असेल. मुखेड गेलं, आणि मग माझ्या ध्यानात आलं, खाजाचं ते पुढचं गाव म्हणजे खिंडीपलीकडचं.

चढ दिसला तसा माझा हात आपोआप दाराच्या कडीवर गेला.

अख्तरी वळली. "काय झालं मावशी? मळमळ व्हायलीय का?"

"न्हाई. म्हटलं उतरू का? वजन व्हईल."

"या अल्ला! तुमचं कसलं वजन? माझ्या एका मांडीएवढ्या तर हाव तुम्ही."

खाजा हसला. त्यानं एसी बंद केला, गिअर टाकला, आणि तीन माणसं आणि छतापर्यंत बांगड्या घेऊन गाडी बुळुबुळू बोलत वळणावरून वर गेली. मी ज्या मुरमात उभी होते तो मुरूम मागं गेला. बांगड्या तेवढ्या किणकिणल्या.

"कुणी शिकवलं रे हे, एसी बंद करायचं?" मी विचारलं.

"तुमच्या धम्माताईनंच की. गाडी घेताना मी विचारलं, ताई, माझा माल जड, चढाला कमी पडंल का? तर म्हणाल्या, खाजाभाई, पाच माणसं आणि ज्वारीचं पोतं घेऊन मी डोंगर चढलेय. फक्त गिअर आधी टाका, ही गाडी तुम्हाला कुठंच कमी पडणार नाही." खाजानं स्टेअरिंगवर थाप मारली. "लई खरं बोलणारी पोरगी हाय, मावशी. तुमचे संस्कार."

मी खिडकीबाहेर बघत बसले. बांगड्यावाल्या परक्या माणसाला खरं सांगितलं. मांडवात, आजीच्या मातीनं भरलेल्या पातळासमोर, मान हलवली.

काल रविवारी दोघं आली. मला नव्या गाडीतून फिरवायला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जरासा चढ आहे, पाण्याचा टँकर रोज चढतो तेवढाच. मी उंबऱ्यात उभी होते. काळी गाडी गल्लीत वळली, समोर म्हैस आडवी आली, आदर्शनं ब्रेक मारला. आणि ती दीड हजार सीसीची, डिझेलची, पायरीवाली गाडी खोकलून बंद पडली. पुन्हा चालू केली. पुन्हा बंद. मागं सरकली.

मला आत बसलेली धम्मा दिसली. तिचा उजवा हात हँडब्रेकवर गेला. ओठ हलले. गाडी वर आली.

आदर्श उतरला, घाम पुसत, हसत. हातात पेढ्यांचा पुडा. "आजी, बसा, चक्कर मारून आणतो. पुढं बसा, मान तुमचाच. ह्या गाडीत कितीही माणसं बसू द्या, उतरायचं काम नाही."

"जावईबापू, तुम्ही बसा खाटेवर, पाणी प्या," मी म्हणाले. "मला हिच्याशी बोलायचंय. तुम्ही ऐकलं तरी चालंल."

धम्मा गाडीच्या दारातच उभी होती. एक पाय पायरीवर. तिला कळलं होतं.

"आजी, आत बोलू," ती म्हणाली.

"आत कशाला? मांडवात तुला आत-बाहेर सुचलं न्हाई. खाजाला काय सांगितलंस गाडी इकताना?"

तिनं पायरीवरचा पाय खाली घेतला.

"सांग की. डोंगर चढलेय म्हणालीस. पाच माणसं अन् पोतं घेऊन. खरं बोललीस त्याच्याशी."

"गिऱ्हाइकाला खोटं कसं सांगायचं, आजी?" ती हळूच म्हणाली. डोळे भरले होते. आदर्श पेढ्याच्या पुड्याची दोरी सोडत होता, त्याचे हात थांबले. ती त्याच्याकडं बघून, सवयीनं, मान हलवायला लागली, की काही नाही, आजीचं वय झालंय.

"मान हलवू नको, धम्मा. ऐक. तुला वाटलं, लोखंडाला नाव ठेवलं, कुणाचं काय गेलं. गाडी खाजाकडं गेली, तिचं बरं चाललंय. तुझा वॉर्ड गेला. ती पेटीतली लेकरं गेली. चढाला गाडी कमी पडली न्हवती, तू कमी पडलीस. अन् आता ही मोठी आणलीय, तरी तुझा हात तिथंच हाय, मी आत्ता बघितला. जाताना मागं बस. हात मांडीवर ठेव. त्याचं त्याला चढू दे."